रात्रीच्या लोकलनंतर पर्समध्ये काय ठेवावं? चाकू की स्प्रे?

शुभांगी_बदलापूर
मरोळला एका लॅबमध्ये कामाला आहे. दुसरी पाळी असली की मेट्रोने घाटकोपर, तिथून बदलापूर किंवा कर्जत लोकल, आणि स्टेशनपासून घर पंधरा मिनिटं. शेअर रिक्षा भरेपर्यंत थांबावं लागतं, शिवाय शेवटची गल्ली पायीच. गल्लीत दिव्यांचे खांब आहेत, दिवे लागतीलच असं नाही.
भाऊजींनी ऑनलाइन मागवलेला घडीचा चाकू दिलाय, खटका दाबला की पातं बाहेर. मैत्रीण म्हणते पेपर स्प्रे घे. आईच्या मते मिरचीपूड पुरे. किल्ल्या बोटांच्या मधे धरून चालावं, असंही वाचलं. ज्यांनी यातलं काही खरंच वापरलंय किंवा वापरताना पाहिलंय, त्यांनी सांगा.

गडकोट_गणू
वाघनखं घ्या! २०२४ मध्ये लंडनहून साताऱ्यात आली होती, तेव्हा माप काढून ठेवायला हवं होतं. (हलकं घ्या.)

बिनवर्दीची_काकू
गणू, वाघनखं चालवायला आधी मिठी मारण्याइतकं जवळ जावं लागतं. शुभांगीला लांब राहायचंय.

शुभांगी, तुला तू म्हणते, माझी मुलगी तुझ्याच वयाची असेल. ठाणे जिल्ह्यात पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. झडत्या घेतल्या, पंचनामे लिहिले, त्या जोरावर बोलते.

तो चाकू भाऊजींना परत कर. एक तर मेट्रोच्या स्कॅनरवर बॅग अडकेल. मग कायदा. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचा उल्लेख आहे. लोक तेवढंच वाचतात आणि आपला चार इंची आहे म्हणून निर्धास्त होतात. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७(१) कोणी वाचत नाही. सण, निवडणूक, मोर्चे असले की आयुक्त मनाई आदेश काढतात, एका वेळी साधारण पंधरा दिवसांचे. त्यात चाकू, लाठी, काठी, इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू घेऊन फिरायला बंदी येते. मोडला तर कलम १३५. बदलापूर ठाणे आयुक्तालयात येतं आणि असे आदेश वरचेवर निघतात. खटक्याचा चाकू हाती लागला की शिपायाला पर्सवाली लॅब टेक्निशियन दिसत नाही, रामपुरीवाला दिसतो.

कायदा सोड. चाकू हाताच्या अंतरावरच चालतो. समोरचा अंगाने दांडगा असेल तर तो मनगट धरतो, आणि पातं कुणाकडे वळेल ते तुझ्या हातात राहत नाही. त्यात स्वस्त घडीच्या चाकवांना मुठीपुढे अडसर नसतो. भोसकताना हात पुढे घसरतो आणि स्वतःचीच बोटं कापतात. हे मी आरोपींच्या हातांवर पाहिलंय, तेही सराईतांच्या.

स्प्रे घे. परवाना लागत नाही. दुकानात एवढं विचार की धार जाते की फवारा पसरतो. फवाऱ्याला नेम लागत नाही, पण तो वाऱ्याने उलटा येतो. धार दोन-तीन मीटर सरळ जाते, गल्लीसाठी तीच बरी. स्टेशन सुटलं की स्प्रे हातात, टोपणाखाली अंगठा. पर्सच्या तळाशी जेवणाचा डबा आणि रुमालाखाली गेलेला स्प्रे तुला सापडेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. डोळ्यांवर एक-दोन सेकंद मार आणि बाजूला होऊन पळ. काय झालं ते बघत उभी राहू नकोस.

लोकलमध्ये मात्र तो पर्समध्येच राहू दे. बंद डब्यात मारलास तर तुझ्यासकट सगळा डबा खोकेल. २४ तास महिलांचा असतो तोच डबा धर, काही डबे रात्री सर्वांना खुले होतात. पोलीस किंवा होमगार्ड बसलेला असतो, त्याच्या नजरेत बस. रेल्वे पोलिसांचा नंबर १५१२, रेल्वेचा १३९, बाहेर ११२.

डोंगरवेडा_७७
काकूंशी सहमत, फक्त दुसऱ्या हातात टॉर्च हवा. मागच्या टोकाला बटण असलेला, साधारण तीनशे लुमेनचा. मूठ वळली की अंगठा आपोआप बटणावर येतो. अंधारात चेहऱ्यावर झोत मारला की समोरच्याला काही क्षण दिसत नाही. मोबाईलचा दिवा लावून चालू नका. उजेड पावलापुरता आणि फोन हिसकावायला आयता. टॉर्च कुत्र्यांनाही चालतो (आमच्याकडे तोच मोठा प्रश्न आहे). गळ्यात शिट्टी ठेवा, आत वाटाणा नसलेली. ती भिजली तरी वाजते.
कीचेनला लावायची धातूची दांडी मिळते, कुबोटान. कराटेचे शिक्षक ताकायुकी कुबोटा यांच्या नावाची. जेमतेम साडेपाच इंच. शिकला नसाल तर ती फक्त जड कीचेन. आणि सुट्टीला विमानाने जाणार असाल तर स्प्रे घरी ठेवा, हातातल्या सामानात चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही.

काळा_कोट_पनवेल
स्वसंरक्षणाचा हक्क आता भारतीय न्याय संहितेत आहे, कलमं ३४ ते ४४, १ जुलै २०२४ पासून. बचावाला लागेल तेवढीच इजा, त्याहून जास्त नाही. तो पळत सुटल्यावर मागे जाऊन हाणलंत, तर तो बचाव राहत नाही. घटना घडली की स्वतः आधी ११२ ला फोन करा, त्याने करायच्या आत.

शुभांगी_बदलापूर
सर्वांचे आभार, काकूंचे विशेष. चाकू परत करते. किल्ल्या आणि मिरचीपूड राहिलं. आणि दादाने घेतलेला स्प्रे घरात आहे, तळावर मुदत २०२३ लिहिलीय. चालेल का?

बिनवर्दीची_काकू
किल्ल्या बोटांत धरून ठोसा मारलास तर किल्ली फिरून तुझ्याच बोटांच्या सांध्यात रुतते. जुडगा मुठीत ठेव, दार पटकन उघडायला. मिरचीपूड पुडीतून फेकली की निम्मी आपल्याच तोंडावर येते, आईला सांग आमटीसाठी ठेवा.

मुदत संपलेला नको. स्प्रेचा डबा आतल्या दाबावर चालतो आणि तो दाब हळूहळू जातो. ऐन वेळी धार जाण्याऐवजी ठिबकला तर काय करशील? नवा घे. जुना सरावाला वापर: मोकळं मैदान, आसपास माणसं नकोत, वारा पाठीमागून. झाडाच्या बुंध्यावर मारून अंतर बघ. थोडा अंगावर आलाच तर डोळे चोळू नकोस, गार पाणी मारत राहा. लेन्स लावत असशील तर त्या दिवशी चष्मा घाल. डबा पूर्ण रिकामा झाल्यावरच सुक्या कचऱ्यात टाक, घंटागाडीवाल्या पोराच्या हातात फुटायला नको.