शब्दचर्चा: 'डिप्टिक'ला मराठीत काय म्हणावं?

पागोळी:
एका प्रदर्शनातल्या माहितीपट्ट्या मराठीत करतेय. विषय आहे 13व्या-14व्या शतकात पॅरिसमध्ये कोरलेल्या हस्तिदंती वस्तू. हातात मावतील अशा दोन फळ्या बिजागरीने जोडलेल्या. आतल्या बाजूला येशूचा जन्म, राजांची भेट, क्रूसावरचा मृत्यू असे प्रसंग उठावात कोरलेले. प्रार्थनेच्या वेळी उघडायच्या, झालं की मिटून ठेवायच्या. इंग्रजीत डिप्टिक. मला 'द्विपट' आणि 'द्विफलक' सापडले, दोन्ही घशाखाली उतरत नाहीत. शिवाय 'डिव्होशनल ऑब्जेक्ट्स'ला 'पूजासाहित्य' लिहिलं तर लोकांना कापूर-उदबत्ती आठवेल. जाणकारांनी सुचवावं.

खडूफळा:
'द्विपट' वाचून मला आधी दुप्पटच वाटलं. आणि 'फलक' म्हटलं की 'येथे थुंकू नये'. दोन्ही बाद.
मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ दुहेरी घडीचं, दोनदा दुमडलेलं. रोमन काळात ही लिहायची वस्तू होती: लाकडाच्या किंवा हस्तिदंताच्या दोन पाट्या, आतल्या खोलगट भागात मेण, त्यावर टोकदार काडीने लिहायचं. पद स्वीकारताना कॉन्सल (रोमन राज्यातले वरिष्ठ अधिकारी) कोरीव हस्तिदंती जोड भेट देत. पुढे चर्चमध्ये उपासनेच्या वेळी वाचायची जिवंत आणि मृत माणसांची नावं अशाच जोडांवर लिहिली जाऊ लागली. म्हणजे मुळात ही पाटीच. मग सरळ 'जोडपाटी' म्हणा की!

रानजाई:
मूळ अर्थ काहीही असो, पॅरिसच्या वस्तूंवर लिहायला जागाच नाही, सगळीकडे माणसं कोरलेली. पाटी म्हटल्यावर वाचक अक्षरं शोधेल.

खडूफळा:
त्याच काळात हस्तिदंताच्या मेण लावायच्या पाट्याही बनत होत्या हो. त्यांच्या पाठीवर प्रेमी जोडपी. आरशांची घरं, फण्या यांवरही तेच. एकीकडे येशूच्या आईची, मरियेची मूर्ती, दुसरीकडे प्रेमप्रसंग, आणि दोन्हींची घडण इतकी सारखी की कपड्यांच्या चुण्या ताडून पाहाव्यात. लिहायची आणि प्रार्थनेची अशा दोन्हींना पुरेल असा एकच शब्द मिळत असेल तर वाईट काय?

रानजाई:
बरं, त्यावर विचार करते. पण पागोळीताई, सरसकट 'हस्तिदंत' लिहू नका. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयातला 12व्या शतकातला 'क्लॉइस्टर्स क्रॉस' हा क्रूस वॉलरस या समुद्री प्राण्याच्या दाताचा आहे. उत्तर युरोपात हत्तीचा माल दुर्मिळ होता तेव्हा ग्रीनलंडकडून वॉलरसचे दात येत. पुढे आफ्रिकेतले मोठे सुळे मुबलक मिळू लागले आणि पॅरिसचं काम फोफावलं. ओळखायची खूण: हत्तीच्या दाताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या बाकदार रेषांची जाळी दिसते. वॉलरसच्या दातात आतला गाभा दाणेदार, शिजलेल्या साबुदाण्यासारखा.
आणि एक गंमत. आपण हत्तीचे 'सुळे' म्हणतो, पण प्राणिशास्त्राप्रमाणे ते वरचे पटाशीचे दात आहेत. खरे सुळे वॉलरसचेच! दाखवायचे दात निराळे म्हणतात ते उगाच नाही.

पागोळी:
😀 आमच्या यादीत वॉलरसच्या दोन वस्तू आहेत, तिथे 'वॉलरसचा दात' असंच लिहीन. पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयातल्या, मूळच्या सॅंत-शापेल या चॅपेलच्या मरियेबद्दलही विचारायचं होतं. 41 सेंटिमीटरची मूर्ती, साधारण 1260-70 ची. कमरेत झुकलीय ती सुळ्याच्या बाकामुळे असं लिहू का?

रानजाई:
'बाकाला साजेशी झुकलेली' एवढंच लिहा. दगडी मरियाही त्या काळात तशाच झुकतात, तिथे कुठला आलाय सुळा? सुळ्याने आकार ठरवला तो खरं तर जोडांचा. मुळाकडचा भाग पोकळ, त्यामुळे सलग फळी सहसा पंजाहून फार रुंद निघत नाही.

वसईवाला:
उशिरा आलो. शब्दांबद्दल: पागोळीताईंनी लिहिलाय तो 'क्रूस'च ठेवा, 'वधस्तंभ' नको, आम्ही कॅथलिक 'क्रूस'च म्हणतो, आणि कोरलेला आकारही क्रूसाचाच आहे. दुसरं, बाळ येशूच्या भेटीला आलेले ते 'मागी लोक' की 'तीन राजे'? मराठी बायबलात 'मागी लोक' आहे, पण या फळ्यांवर त्यांच्या डोक्यावर मुकुट आहेत. नेहमीची मांडणी अशी: सर्वांत वयस्कर राजा मुकुट उतरवून गुडघ्यावर, मधला मागे वळून तिसऱ्याला बोटाने तारा दाखवतोय. तेव्हा 'तीन राजे'च. गोव्यातल्या रेइस मागोस गावाच्या नावातही राजे आहेतच. 'पूजासाहित्य'ऐवजी 'प्रार्थनेच्या वस्तू' करा. कित्येकांवरचे चेहरे बोटांनी आणि ओठांनी झिजलेत, हेही पट्टीवर येऊ द्या.
गोव्याचा विषय निघालाच आहे तर 17व्या शतकातला हस्तिदंती 'उत्तम मेंढपाळ' जरूर बघा. डोंगरावर बसलेला बाळ येशू, गालाला हात, डोळे मिटलेले, कोकरू जवळ. तळाच्या गुहेत येशूची शिष्या मरिया माग्दालेना आडवी पडून वाचतेय. असा झोपाळू मेंढपाळ पॅरिसच्या कामात मला कुठे दिसलेला नाही.

पागोळी:
गोवा या प्रदर्शनात नाही, पण बघतेच. 'जोडपाटी' नक्की करते, पहिल्या पट्टीवर 'मिटता येणारी कोरीव जोडपाटी' असं फोड करून. आता उरलं ट्रिप्टिक, म्हणजे तीन फळ्यांचं. ब्रिटिश म्युझियमचं 10व्या शतकातलं बायझंटाइन 'बॉराडेल ट्रिप्टिक' आहे: मध्ये क्रूस, दोन्ही दारांवर संत. 'त्रिपाटी' चालेल?

खडूफळा:
कुणाचं तरी आडनाव वाटेल. मधला भाग स्थिर, बाजूची दोन दारं मिटतात ना? 'दारांचा देव्हारा' म्हणा.

वसईवाला:
'देव्हारा'ला माझी हरकत आहे. त्यात देव ठेवतात, इथे प्रसंग कोरलाय. 'तिपाखी' बघा.

रानजाई:
तिपाखी +१. दारं पाखांसारखीच मिटतात.