आधी मजकूर, मग ऱ्हस्व-दीर्घ

मुलांचे निबंध तपासताना शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण आधी कापावेत, असं एक मत आहे; ते मला अजिबात पटत नाही. आमच्या कोल्हापुरात २०१९च्या महापुरावर निबंध दिला की शिरोळकडची मुलं जनावरं कशी हलवली, घरातला गाळ कसा उपसला, हे बारकाव्यानं लिहितात. वेलांट्या चुकतात, घरची बोली येते. तरी गाईडमधल्या 'निसर्गाचा कोप' छाप निबंधापेक्षा हे लेखन कितीतरी सरस आहे आणि गुणांतही ते दिसायला हवं.

मी नाव झाकून वाचतो. हुशार म्हणून ठरलेल्या पोराला उगाच झुकतं माप जायला नको. पहिल्या वाचनात लाल पेन नाही, समासात फक्त एक खरा प्रश्न: 'म्हशी गच्चीवर चढवल्या कशा?' शुद्धलेखन दुसऱ्या खर्ड्यावर, तेही एका वेळी एकच नियम.