स्मेटा ऑडिट तीन महिन्यांवर: ७२ कामगारांच्या शिलाई युनिटने आधी काय हाती घ्यावं?

अक्कलकोटरोड

नमस्कार मंडळी. सोलापूर एमआयडीसीतलं युनिट आहे, शाळेचे गणवेश आणि थोडं वर्कवेअर (कामावर घालायचे कपडे). ७२ कामगार, त्यात ४६ महिला. तळमजल्यावर कटिंग, इस्त्री, पॅकिंग. पहिल्या मजल्यावर शिलाईच्या तीन लाइन. युरोपच्या एका खरेदीदाराने वर्कवेअरच्या ऑर्डरआधी चार स्तंभांचं (कामगार हक्क, आरोग्य-सुरक्षा, पर्यावरण, व्यवसायातली नीती) स्मेटा ऑडिट, म्हणजे सेडेक्स या संस्थेच्या पद्धतीने कारखान्याची तपासणी मागितली आहे, तीही सेमी-अनाउन्स्ड, म्हणजे नेमका दिवस न सांगता फक्त कालावधी सांगून.

सध्याची स्थिती: शिलाई नगावर, बाकीचे महिन्याच्या पगारावर. जूनच्या आधी शाळांचा सीझन असतो, तेव्हा रविवारीही काम चालतं. जादा तासांचे पैसे रोख आणि सिंगल दराने दिले जातात. काज-बटण आणि धागे तोडायचं काम बाहेर घरोघरी जातं. वर जायला एकच जिना, मागे शटर आहे. फायर सिलिंडर लावलेले आहेत.

एक सल्लागार म्हणतो, रजिस्टरांचा पूर्ण संच आणि 'स्मेटा सर्टिफिकेट' दोन्ही करून देतो. पैसे आणि वेळ दोन्ही मोजके. सुरुवात कुठून करावी?

हजेरीपट

पहिली गोष्ट, स्मेटाचं सर्टिफिकेट नसतंच. ऑडिटचा अहवाल आणि सुधारणा आराखडा सेडेक्सच्या ऑनलाइन प्रणालीवर चढतो, खरेदीदार तो वाचून ठरवतो. पास-नापास काही नाही. सर्टिफिकेट असतं ते एसए ८००० आणि रॅप या कामगार-परिस्थितीच्या दुसऱ्या मानकांचं (रॅपमध्ये प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर). त्यामुळे जो माणूस स्मेटाचं सर्टिफिकेट विकतोय त्याला बाकीचं किती कळतं ते समजून घ्या.

दुसरी गोष्ट, 'रजिस्टरांचा संच' घेऊ नका. ऑडिटर मागच्या बारा महिन्यांचे कागद मागतो आणि त्यातले साधारण तीन महिने नीट तपासतो: चालू महिना, सीझनचा आणि मंदीचा. तो नुसता हजेरीपट वाचत नाही. शेजारी कटिंगचं रजिस्टर, लाइनचा रोजचा उत्पादन तक्ता, गेटवरची वही, मालाची चलनं आणि तुटलेल्या सुयांची नोंदवही ठेवतो. हजेरीत रविवार सुट्टी आणि सुयांच्या वहीत त्याच रविवारी तीन सुया तुटलेल्या, एवढ्यावर पूर्ण संच उघडा पडतो. मग तो अहवालात लिहितो की कामाचे तास आणि वेतन पडताळता आले नाहीत. जादा तास सापडले तर सुधारणेला मुदत मिळते. कागद बनावट निघाले तर बरेच खरेदीदार तिथेच थांबतात.

म्हणून मागचं आहे तसं खरं दाखवा आणि या महिन्यापासून नवं सुरू करा. भिंतीला रंग आठवड्यात होतो, पण तीन महिन्यांचा स्वच्छ पगार-रेकॉर्ड तयार व्हायला तीन महिनेच लागतात. सुरुवात इथून.

नगावरच्या कामाचा हिशोब असा ठेवा. हजेरी सगळ्यांची, अंगठा मशीनवर, येताना आणि जाताना. दिवसाच्या नगांची कमाई किमान वेतनाच्या रोजाशी ताडून पाहायची. आकडे फक्त उदाहरणाचे: किमान वेतन महिना १३,००० धरलं तर २६ दिवसांनी रोज ५००. बाईने ४ रुपयांप्रमाणे ११० कॉलर केल्या, ४४० झाले. उरलेले ६० रुपये मालकाने भरायचे, आणि पगारपत्रकात 'किमान वेतन फरक' असा वेगळा रकाना दाखवायचा. तुमचा खरा आकडा रेडीमेड कपड्यांच्या अनुसूचीतून, तुमच्या परिमंडळाचा आणि कामगाराच्या कुशलतेच्या वर्गाचा घ्या. किमान वेतनातला विशेष (महागाईचा) भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो. जुलैचा बदल न लावल्याने सहा महिने सगळ्यांना थोडं-थोडं कमी गेलेलं, ही चूक फार युनिटांत निघते.

जादा तास दुप्पट दराने. वरच्या उदाहरणात तास ६२.५० चा, म्हणजे जादा तास १२५. नगावरच्या कामगाराला 'जास्त नग केले, जास्त पैसे मिळाले' हे उत्तर चालत नाही. जुन्या कारखाने अधिनियमाच्या कलम ५९ मधल्या रीतीने त्याच्या मागच्या महिन्याची पूर्णवेळ दिवसांची सरासरी कमाई काढायची (जादा तासांची कमाई सोडून) आणि तिच्या दुप्पट द्यायचं. रोख बंद करा. सगळं बँकेत आणि पगारचिठ्ठीवर.

तासांबाबत स्मेटा ईटीआयच्या (एथिकल ट्रेडिंग इनिशिएटिव्ह) संहितेवर चालतं: आठवड्याला ४८, जादा धरून ६० च्या आत, सात दिवसांत एक सुट्टी. राज्याच्या नियमात मोकळीक असली तरी कामगाराला जास्त संरक्षण देणारी अट धरली जाते. म्हणजे सहा दिवस, रोज आठ अधिक दोन, बस. त्यात सीझन बसत नसेल तर ऑर्डर कमी घ्या, नाहीतर जानेवारीपासून साठा शिवायला लागा. शाळांचे रंग आणि मापं दरवर्षी तीच असतात, त्यामुळे गणवेशात हे जमतं.

ठिणगी

हजेरीपट यांच्या क्रमाशी सहमत नाही. कागद महत्त्वाचे, पण पहिला पैसा दुसऱ्या जिन्यावर जायला हवा.

कराचीतल्या बल्दिया टाउनच्या कपड्यांच्या कारखान्याला ऑगस्ट २०१२ मध्ये एसए ८००० मिळालं होतं. ११ सप्टेंबरला आग लागली, अडीचशेहून जास्त माणसं गेली. आग कोणी लावली तो खटल्याचा भाग वेगळा. पण खिडक्यांना गज होते आणि बाहेर पडायची दारं बंद होती, म्हणून एवढी माणसं आत राहिली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ढाक्याजवळ ताझरीन या कपड्यांच्या कारखान्यात आगीत किमान ११२ गेले; तिथे तळमजल्यावरच्या सुताच्या आणि कापडाच्या साठ्याने पेट घेतला आणि जिने धुराने भरले. तुमचा नकाशा वाचून तेच डोळ्यासमोर येतं: खाली कापड आणि इस्त्री, वर माणसं, मध्ये एक जिना.

शटर हा बाहेर पडायचा मार्ग धरत नाहीत. वीज गेली, धूर झाला, पट्टी वाकली की ते वर जात नाही. वरच्या मजल्याच्या दुसऱ्या टोकाला बाहेरून लोखंडी जिना घ्या, पहिल्या जिन्यापासून जमेल तेवढा लांब. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं, आतून किल्लीशिवाय उघडेल असं. 'माल चोरीला जातो' म्हणून त्याला कुलूप लागतं. त्यावर उपाय म्हणजे दार उघडलं की वाजणारा अलार्म. एमआयडीसीच्या हद्दीत नकाशातला बदल एमआयडीसीकडूनच मंजूर करून घ्यावा लागतो, त्याला वेळ जातो. अर्ज याच आठवड्यात टाका. मंजुरीची पोच आणि कामाची ऑर्डर हातात असेल तर ऑडिटर निदान काम सुरू असल्याची नोंद करतो. तोवर कापडाचे ताके जिन्याखालून हलवा. हे फुकट आहे आणि आजच होतं.

'सिलिंडर लावलेले आहेत' याने भागत नाही. कुठूनही १५ मीटरच्या आत एक मिळाला पाहिजे. साधारण एबीसी पावडर, इलेक्ट्रिक पॅनेलजवळ सीओटू. समोर माल नको. प्रत्येक मजल्यावर चार-पाच जणांनी तो हातात धरून चालवलेला असावा, त्यात महिलाही हव्यात. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून नमुना-ब, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, दर जानेवारी आणि जुलैत भरायचा असतो. बहुतेकांकडे पहिल्या वर्षीचा नमुना-अ (यंत्रणा बसवल्याचा दाखला) फ्रेम करून लावलेला असतो आणि पुढे काहीच नाही.

अलार्मला बॅटरी हवी आणि त्याचा आवाज जेवणाच्या घंटेपेक्षा वेगळा हवा. ड्रिल वर्षातून दोनदा, त्यातली एक मुख्य जिना मुद्दाम बंद धरून. बाहेर हजेरी घेऊन डोकी मोजायची. फोटोसाठी सगळे टोप्या घालून उभे, याला ड्रिल म्हणत नाहीत.

आणि आग बहुधा लागते कुठे? जंक्शन बॉक्समध्ये आणि पंख्याच्या मोटारीत साठलेल्या कापसाच्या धुळीत. ट्यूबच्या पट्टीवरून बोट फिरवा, कळेल. आठवड्यातून एकदा वीज बंद करून ही धूळ व्हॅक्युमने ओढायची. हवेच्या पाइपने उडवली तर ती पॅनेलमध्येच जाऊन बसते.

अक्कलकोटरोड

जिन्याचं पटलं, उद्या आर्किटेक्टला बोलावतो. वर पत्र्याच्या शेडमध्ये ताके ठेवायचा विचार होता, तो चालेल का? आणि बाहेर जाणाऱ्या कामाचं काय करायचं? ते बंद केलं तर चाळीसेक घरांचं काम जातं.

ठिणगी

ताके वर नकोत. कापडाचं वजन एका जागी पडतं आणि शिलाईची मशीनं सतत हादरे देतात. इमारतीचं स्थिरता प्रमाणपत्र ज्या वापरासाठी घेतलं त्यात हा साठा धरलेला नसतो. २४ एप्रिल २०१३ ला बांगलादेशातली राणा प्लाझा ही शिलाई कारखान्यांची इमारत कोसळली, १,१३४ जण गेले. वरच्या मजल्यांवर जनरेटर होते आणि आदल्या दिवशी भेगा दिसल्या होत्या. खालच्या मजल्यांवरची बँक बंद राहिली, शिलाईवाल्यांना आत बोलावलं गेलं. जनरेटर, कॉम्प्रेसर, ताके सगळं जमिनीवर ठेवा. कॉम्प्रेसरच्या टाकीची सक्षम व्यक्तीकडून तपासणी झाल्याचा कागदही काढून ठेवा.

कॉलरपट्टी

बाहेरच्या कामाबद्दल. बंद करायची गरज नाही, लपवायचं मात्र नाही. खरेदीदाराला न सांगता बाहेर दिलेलं काम फार गंभीर धरलं जातं, कारण तिथे कोण काम करतंय, वय काय, पैसे किती, हे कोणालाच माहीत नसतं. सेडेक्सवर कारखान्याने स्वतः भरायच्या स्वमूल्यांकन प्रश्नावलीत स्पष्ट लिहा. मग घरागणिक यादी: नाव, वयाचा पुरावा, दिलेले नग, दर, दिलेली रक्कम, सही. दर ठरवताना काम मोजून घ्या. तीन-चार बायकांना साध्या गतीने तासभर धागे तोडायला बसवा, सरासरी नग काढा, आठ तासांत किमान रोज निघतो का पाहा. निघत नसेल तर दर वाढवा. मध्ये मुकादम असेल तर त्याचं कमिशन वेगळं द्या, बायकांच्या दरातून कापू नका. पहिल्या युरोपियन ऑर्डरचं काज-बटण आतच करा, एक काज मशीन आणि एक बटण मशीन वाढवून. बाकी गणवेशांचं काम बाहेर राहू द्या.

शॉप फ्लोअरवर ऑडिटर काय बघतो ते थोडक्यात. सुईचा फिंगर गार्ड काढून ड्रॉवरमध्ये टाकलेला असतो, कारण दोरा ओवायला अडतो. ओरडून उपयोग नाही. वर उचलता येणारा गार्ड बसवा, मग राहतो. ओव्हरलॉक आणि बटण मशीनवर डोळ्यांसमोरचं पारदर्शक कव्हर. बटण फुटलं तर तुकडा थेट डोळ्यात जातो. जुन्या क्लच मोटारीच्या पट्ट्याला कव्हर हवंच, पदर आणि वेणी तिथेच अडकते. शक्य तिथे सर्वो मोटार घ्या, वीजही वाचते.

कटिंगला स्टीलच्या जाळीचा हातमोजा कापड धरणाऱ्या हातात. घालत नाहीत याचं कारण बहुधा माप. दुकानदार सगळे एल साइजचे देतो, ते सैल होतात आणि बोटं सरकतात. एस आणि एम मागवा, प्रत्येकाचा वेगळा.

डाग काढायचं केमिकल पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. लेबल आणि सुरक्षा पत्रक मराठीत, ते फवारायची गन एक्झॉस्ट पंख्याखाली. सूचना फक्त मराठीत लावून भागणार नाही, तुमच्याकडे घरी तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या बायका असणारच. ऑडिटर त्यांच्याशी वेगळं बोलतो. शंभरच्या आतल्या युनिटात साधारण दहा कामगार, काही एकेकटे, काही गटात, मालकाशिवाय. काय बोलायचं ते शिकवून ठेवलं तर सगळ्यांचं उत्तर शब्दाला शब्द सारखं येतं आणि तेच अहवालात जातं.

हजेरीपट

ठिणगी, जिन्याबाबत तुमचं मान्य. जिन्याचा अर्ज आणि पगाराचं नवं रेकॉर्ड एकाच दिवशी सुरू होऊ शकतं, एक दुसऱ्याला अडवत नाही.

राहिलेलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू आहेत, त्यामुळे सल्लागाराकडे जुनीच यादी असेल तर बदलून घ्या. नेमणूकपत्र प्रत्येकाला. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरला जातो, म्हणजे बेसिक लहान ठेवून पीएफ वाचवायची युक्ती आता चालत नाही. काम सोडणाऱ्याचा हिशोब दोन कामाच्या दिवसांत.

पाळणाघर तुम्हाला लागू आहे. जुन्या कायद्यात तीसहून जास्त महिला ही अट होती, नव्यात पन्नासहून जास्त कामगार. तुम्ही दोन्हीत बसता. तळमजल्यावर वेगळी खोली, सांभाळायला बाई, पाणी, जवळ संडास. हे टाळलं की मूल आईजवळ मशीनखाली बसतं, आणि ऑडिटरच्या डोळ्यांसमोर शॉप फ्लोअरवर लहान मूल, यापेक्षा वाईट चित्र नाही. महिलांसाठी संडास २५ जणींमागे एक धरा, म्हणजे ४६ ला दोन, आतून कडी लागणारे.

लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत समिती दहा कर्मचाऱ्यांपासून सक्तीची. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य, एक बाहेरची सदस्य. मालकाच्या पत्नीला अध्यक्ष करू नका, तक्रार येणारच नाही. वयासाठी शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत घ्या, मूळ कागद परत द्या. मूळ ठेवून घेणं सक्तीच्या मजुरीची खूण धरतात. उचल दिली असेल तर लेखी, छोट्या हप्त्यात वळती, आणि ती फिटेपर्यंत काम सोडता येणार नाही असं कुठेही नको. ईएसआय (कर्मचारी विमा) कामगाराचा ०.७५ आणि मालकाचा ३.२५ टक्के, पीएफसोबत पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. नगावरच्यांसकट.

पर्यावरणाच्या स्तंभाचं ओझं तुम्हाला कमी, धुलाई नाही. चिंध्या कोणाला विकता त्याच्या पावत्या आणि वीज-पाण्याची महिन्याची नोंद ठेवा.

सीझनच्या रविवारांचं विचारलं तर सरळ सांगा की मागच्या वर्षी काम झालं. सिंगल दराने दिलेल्या जादा तासांचा फरक काढून तो आताच खात्यात जमा करा आणि जमा केल्याची बँकेची यादी पुढे ठेवा.

अक्कलकोटरोड

फरकाची रक्कम काढायला घेतो. मागच्या एप्रिल-मेची अंगठा मशीनची नोंद आहे, पण तेव्हा नगावरच्या बायका अंगठा लावत नव्हत्या. त्यांचे तास कुठून धरू?

हजेरीपट

लाइनचा उत्पादन तक्ता आणि गेटची वही. पगारावरचा सुपरवायझर ज्या दिवशी जितका वेळ थांबला, त्या दिवशी त्याची लाइन तितका वेळ चालली असं धरा. शंका असेल तिथे वेळ बायकांच्या बाजूने पुढे ढकला, आणि कशावरून काढलं ते एका पानावर लिहून त्यांच्यातल्या दोघी-तिघींच्या सह्या घ्या. ऑडिटरला तेच पान दाखवायचं.