म्युनिकहून साल्झबुर्ग, स्वस्तात कसं जावं?

लातूरकर: आम्ही चौघं लातूर-उदगीरची पोरं म्युनिकला शिकायलोत. शनिवारी ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गला जायचंय, पण खिशात खडखडाट. काय करावं?

नांदेडचा दादा: बायर्न तिकीट काढा, म्हणजे बव्हेरिया राज्याचं एका दिवसाचं रेल्वे तिकीट. एकावर पाच जण, थेट साल्झबुर्ग स्टेशनपर्यंत. एरवी ते सकाळी नऊनंतरच चालतं, शनिवार-रविवारी ती अट नाही. मुक्काम केला तर येताना दुसरं काढावं लागतं. आयसीई, रेलजेट या जलद गाड्यांमध्ये चुकूनही चढू नका, तिथं हे तिकीट चालत नाही. पासपोर्ट अन् रेसिडेन्स परमिट खिशात ठेवा, येताना सरहद्दीवरच्या फ्रायलासिंग स्टेशनला पोलीस डब्यात चढतात.

अंबाजोगाईची ताई: मिराबेल बाग फुकट बघा. किल्ल्यावर पायीच चढा, देवगिरी चढलेल्याला ते काय! धपाटे बांधून न्या, तिथलं कॉफी-केक लई महाग.

लातूरकर: ताई, ज्वारीचं पीठ कुठं मिळतंय इथं?