मदत हवी आहे: गायन आणि पेटी येते, स्टाफ नोटेशन (पाच रेषांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) येत नाही. संगीतात पदवीसाठी सहा महिन्यांत काय काय करावं?

पांढरी_चार:
पाश्चात्त्य पद्धतीचा अभ्यासक्रम असलेल्या संगीत विभागात पदवीसाठी अर्ज करते आहे. ख्याल शिकले आहे, पेटीवर साथ करते, ऐकून उचलता येतं. स्टाफ नोटेशन शून्य. ऑडिशनला सहा महिने आहेत. मुख्य वाद्य पियानो द्यावं की गायन? लेखी आणि कानाच्या चाचणीची सुरुवात कुठून करू? आणि पहिल्या वर्षात मुलं नेमकी कुठे अडकतात?

खर्ज:
पियानो मुख्य वाद्य म्हणून देऊ नका. पेटीचा हात तिथे वाटतो तितका कामाला येत नाही. पेटीत डावा हात भात्यावर असतो, म्हणजे डाव्या हाताची पाचही बोटं कोरी. पेटीचा आवाज लहानमोठा होतो भात्याने. पियानोचा, पट्टी किती वेगाने खाली गेली त्यावर. पेटीवाले सगळे स्वर सारख्याच जोराने वाजवतात ते यामुळेच. शिवाय पट्टी दाबून धरली तरी पियानोचा स्वर विरत जातो, तेव्हा पुढचा स्वर त्या विरण्याच्या बेताने उचलावा लागतो. ऑडिशनला बहुधा वेगवेगळ्या काळातल्या दोन-तीन रचना पाठ आणि दोन्ही हातांनी मेजर-मायनर स्केल (पाश्चात्त्य स्वरमालिका) मागतात. सहा महिन्यांत हे बसत नाही.

गायन द्या. तिथे उशिरा सुरू करणारेही चालतात, कारण आवाजच उशिरा पक्का होतो. दोन गाणी विरुद्ध स्वभावाची घ्या: एक संथ, लांब श्वासाचं, दुसरं चपळ, शब्द स्पष्ट लागणारं. मींडेची सवय इथे नडेल. स्वराला खालून घसरत पोचणं हा दोष धरतात. उपाय: प्रत्येक वाक्याचा पहिला स्वर आधी मनात ऐकायचा, मग थेट त्यावर उतरायचं.

पण पियानो सुटत नाही हं. मुख्य वाद्य काहीही असलं तरी कीबोर्डची किमान पात्रता बऱ्याच ठिकाणी लागते: स्केल, साध्या कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या स्वरांची) साथ, सोपं वाचन. डावा हात आजपासून सुरू करा.

द्रुत_एकताल:
वाचनाबद्दल. पाच रेषांवर स्वरांची नावं घोकत बसू नका, ते फार सावकाश पडतं. ट्रेबल क्लेफमध्ये (क्लेफ म्हणजे रेषांच्या सुरुवातीची खूण; उंच स्वरांना ट्रेबल, खालच्यांना बेस) खालून दुसरी रेष जी, बेस क्लेफमध्ये वरून दुसरी रेष एफ, आणि दोन्हींच्या मधोमध मिडल सी. हे तीन खुंटे पक्के करा आणि बाकीचे स्वर त्यांच्यापासूनच्या अंतराने वाचा: लागून, एक सोडून, दोन सोडून.

सा कुठे आहे हे की सिग्नेचरवरून, म्हणजे ओळीच्या सुरुवातीच्या शार्प (अर्धा स्वर वर) किंवा फ्लॅट (अर्धा स्वर खाली) खुणांवरून कळतं. शार्प असतील तर शेवटच्या शार्पच्या अर्धा स्वर वर मेजरचा सा. दोन शार्प म्हणजे शेवटचा सी शार्प, म्हणून सा डी. फ्लॅट असतील तर शेवटून दुसरा फ्लॅट हाच सा. एकच फ्लॅट असेल तर एफ, हे पाठच करा.

रोज पंधरा मिनिटं, दर वेळी न पाहिलेलं पान. तेच पान दुसऱ्यांदा वाजवलं की ते वाचन उरत नाही. तुमच्यासारख्या कानाच्या माणसाचं तर एकदा ऐकूनच पाठ होतं. गायला-वाजवायला येतं त्याच्या दोन पायऱ्या खालचं घ्या. आधी अर्धा मिनिट नुसतं पाहा: सा कुठला, ताल कुठला, सगळ्यात अवघड माप (दोन उभ्या रेघांमधला तुकडा) कुठलं. त्या मापाला झेपेल तीच लय धरा. सुरू केल्यावर थांबायचं नाही, स्वर चुकला तर सोडून द्यायचा. परीक्षक लय तुटण्याला जास्त नावं ठेवतात.

तीव्र_म:
कानाच्या चाचणीत तुमची बाजू भक्कम आहे, फक्त नावं बदला. बिलावल थाट म्हणजे आयोनियन, म्हणजेच मेजर. काफी डोरियन, भैरवी फ्रिजियन, कल्याण लिडियन, खमाज मिक्सोलिडियन, आसावरी एओलियन, म्हणजे नॅचरल मायनर. हार्मोनिक मायनरला किरवाणीचे स्वर, मेलोडिक मायनरच्या आरोहाला पटदीपचे.

अडचण येते ती सुटे दोन स्वर वाजवून अंतर विचारतात तेव्हा. आपला कान पहिल्या स्वराला सा मानून मोकळा होतो. चढत्या जोडीत ते चालतं, उतरत्या जोडीत घोटाळा होतो. उतरत्या जोड्या वेगळ्या घोटा. सहा अर्धस्वरांचं अंतर सा–तीव्र म असं ओळखाल. म–नी हेही तेच अंतर, ते चटकन ओळखू येत नाही.

श्रुतलेखनात पहिल्या फेरीत स्वर लिहू नका. ताल आणि शेवटचा स्वर पकडा, दुसऱ्या फेरीत लयीच्या काड्या मांडा, मग स्वर. कॉर्ड ओळखताना वरची चाल ऐकायचा मोह टाळा. खालचा स्वर सा, म की प, एवढं आधी गाऊन बघा.

खर्ज:
थोडी असहमती. सरगमवर फार विसंबू नका. फ्रान्स, इटली, स्पेनच्या पद्धतीत दो-रे-मी मधला 'दो' म्हणजे कायम सी, सरकणारा सा नाही. सरकता 'दो' असलेल्या कित्येक ठिकाणीही मायनर 'ला'पासून गातात. कुठली पद्धत आहे ते विभागाला आधीच विचारा.

पांढरी_चार:
फार उपयोगी पडलं, आभार. पहिल्या वर्षाचं राहिलं. आणि पियानोबरोबर गाताना ग खाली लागतो असं सांगतात, तानपुऱ्यावर तो बरोबर असतो. असं का?

तीव्र_म:
दोन्ही खरं आहे. तानपुऱ्यावरचा शुद्ध ग सा पासून साधारण ३८६ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), पियानोचा ४००. चौदा सेंटचा फरक कानाला कळतो. पेटीही पियानोसारखीच लावलेली असते, पण ख्यालात तुमचा कान तानपुऱ्यावर असतो. ऑडिशनच्या गाण्यांचा सराव तानपुरा बंद ठेवून, पियानोच्या साथीवरच करा.

पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त गुण जातात चार आवाजांच्या हार्मनीत, म्हणजे चार आवाज एकाच वेळी वेगवेगळे स्वर गातील अशा लेखनात. दोन आवाज एकमेकांपासून पाचव्या स्वरावर राहून एकाच दिशेने सरकले की पॅरलल फिफ्थ्स, गुण कापले. कारण ते दोन आवाज स्वतंत्र न राहता एकच जाड आवाज ऐकू येतो. सा-प सतत ऐकलेल्या कानाला यात काहीच खटकत नाही, म्हणून ही चूक डोळ्यांनी शोधावी लागते: लगतच्या दोन कॉर्डमधल्या सहाही जोड्या तपासायच्या. नी दोन आवाजांना देऊ नका. दोघेही सा कडे ओढले जातात आणि पॅरलल ऑक्टेव्ह होतात. सेव्हंथ कॉर्डमधला, मूळ स्वरापासूनचा सातवा स्वर एक पायरी खाली उतरवा. वरच्या तीन आवाजांत शेजाऱ्या-शेजाऱ्यांमध्ये सप्तकापेक्षा जास्त अंतर नको.

द्रुत_एकताल:
वेळापत्रकाचंही बघा. कोरस किंवा वाद्यवृंदाला क्रेडिट अनेकदा एखादंच, पण आठवड्याला चार-पाच तास जातात, आणि मैफल जवळ आली की आणखी. गायकांनी सलग दोन तास रियाज करू नये. वीस-पंचवीस मिनिटांचे तुकडे, मध्ये आवाज बंद ठेवून वाचन किंवा हार्मनीचं लिखाण. कोरसच्या दिवशी स्वतंत्र गाणं कमी ठेवा.

अर्ज करताना पदवीचा प्रकार नीट वाचा. बी.म्युझ. (संगीताची खास पदवी) मध्ये बहुधा दोन-तृतीयांश अभ्यास संगीताचा, बी.ए. मध्ये एक-तृतीयांशाच्या आसपास. दुसरा विषयही करायचा असेल तर बी.म्युझ. मध्ये जागा उरत नाही. विभागाला एकाच मेलमध्ये विचारा: वाचनाची चाचणी गाऊन की वाजवून, साथीदार ते देतात की आपण आणायचा, आणि नापास झाल्यास तयारीचा वर्ग मिळतो का. अशा वर्गाचे क्रेडिट पदवीत धरतात की नाही तेही विचारा. बऱ्याच ठिकाणी धरत नाहीत.