मदत हवी आहे: बुलेट 350, कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या) गिअरचा एक दात चुकलाय की पॉइंटचं (ठिणगी पाडणाऱ्या स्विचचं) टायमिंग?

कास्ट आयर्न बुलेट आहे, पॉइंटवाली, 12 व्होल्ट. टायमिंग कव्हरमधून ऑइल गळायचं म्हणून डिचोलीत एका मिस्त्रीकडून कव्हर उघडून घेतलं. तेव्हापासून किक उलटी मारते (काल पोटरीवर चांगलीच बसली) आणि चोर्ला घाटात तिसऱ्या गिअरवर दम तुटतो. ॲडव्हान्स जास्त (ठिणगी फार लवकर) म्हणावं, तर सायलेन्सरचा बेंड निळा पडतोय, म्हणजे रिटार्ड (ठिणगी उशिरा)!

पॉइंटचा गॅप 0.38 मिमी आहे. कंडेन्सर, प्लग नवे. ऑटो ॲडव्हान्सची वजनं मोकळी आहेत, स्प्रिंग परत ओढतात. कार्बोरेटर साफ केला, इनटेककडून हवा ओढत नाही. कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर असताना) दोन्ही पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) बोटांनी सहज फिरतात. बल्ब लावून पॉइंट टीडीसीच्या 0.8 मिमी आधी उघडेल असं बसवलं. पण प्लगचं भोक तिरकं, त्यातून सायकलची तार घालून घेतलेल्या मापावर माझा विश्वास नाही.

मिस्त्री म्हणतो, "गिअरच्या खुणा जुळवूनच बसवलंय." कव्हर परत उघडलं तर नवं पॅकिंग हवं, म्हणून आधी खात्री करायची आहे. हेड काढायचं नाही.

एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी टीडीसीला, टॅपेटचं झाकण काढून दोन्ही टॅपेट किती उचलले गेलेत हे पाहून एक दात चुकलाय का ते कळेल का? आणि डिग्री डिस्क (अंशांची चकती) लावली तर 0.8 मिमी म्हणजे क्रँकचे किती अंश धरायचे?