पेलार्गोनियमचा अर्क आणि खोकला: पुरावा कितपत?

प्रश्न: पेलार्गोनियम सिडॉइडिस या दक्षिण आफ्रिकी वनस्पतीच्या मुळांचा अर्क तीव्र ब्राँकायटिसवर (श्वासनलिकांच्या अचानक उद्भवणाऱ्या, अल्पकालीन दाहावर) खरोखर गुणकारी आहे का?

उत्तर १: वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात प्रौढांमध्ये द्रवरूप अर्काने लक्षणे कमी झाल्याचे दिसले, गोळ्यांनी मात्र नाही; शिवाय पुराव्याचा दर्जा कमी, आणि सर्दी-सायनसबाबत तर अत्यंत कमी ठरवला गेला.

उत्तर २: मला त्याहून खटकते ते हे, की ब्राँकायटिसच्या चाचण्या उत्पादकाच्याच पुढाकाराने आणि युक्रेन-रशियातच झाल्या होत्या. स्वतंत्र चाचण्या व्हायलाच हव्यात.

प्रश्नकर्ता: पण अनेकांना गुण येतो, त्याचे काय?

उत्तर १: हा आजार बहुधा विषाणूजन्य असून आपोआप ओसरतो, त्यामुळे प्लासिबोशी (औषधासारख्याच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या पदार्थाशी) तुलना केल्याशिवाय गुण औषधाचा की काळाचा, हे ठरवता येत नाही. धाप लागत असल्यास मात्र डॉक्टरांना लगेच दाखवावे.